काचेचा लेप, खडूचा लेप

ताईचा फोन आला तेव्हा खुर्चीवर पेशंट होता, म्हणून मी तिला म्हणाले, नंतर बोलू.

ती म्हणाली, "नंतर नको. एकच प्रश्न आहे. वर्गातली मुलगी विचारतेय, माझी दाढ काढली, आता नवीन कधी येणार? तिला काय सांगू?"

"कितवीत आहे?"

"चौथीत."

"कुठली दाढ?"

ताईनं फोन बाजूला धरून मुलीला तोंड उघडायला लावलं असावं. जरा वेळानं म्हणाली, "खालची. उजवीकडची, मागची."

"नाही येणार," मी म्हणाले. "ती कायमची दाढ होती. तिच्या जागी परत काही येत नाही."

ताई "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी हातातलं काम पुढं चालू केलं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमचं माहेर भोकरकडचं, शेतीवाडीचं. मी दातांची डॉक्टर झाले आणि नांदेडला माझं क्लिनिक आहे. ताई लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तेव्हा ती शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका छोट्या गावात मुख्याध्यापिका होती. शाळेत शिक्षक दोनच, त्यातली एक ती. लहानपणी माझे पाढे तिनं पाठ करून घेतले होते. त्यामुळे असेल, पण आजही तिनं काही विचारलं की उत्तर चुकेल की काय अशी धास्ती मला आधी वाटते आणि उत्तर नंतर सुचतं.

पुढच्या रविवारी ती नांदेडला आली. जेवताना म्हणाली, "त्या मुलीला मी अजून सांगितलं नाही. पण मला एक सांग, तुम्ही लोक दाढ किडायची वाट बघत बसता का?"

"दुखल्याशिवाय कुणी येत नाही गं."

"कुणी येत नाही म्हणून तू जात नाहीस. असंच ना?"

मग मी तिला ताटावरच समजावून सांगितलं. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दातांच्या मागं एक दाढ येते. ती यायला आधी कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे घरात कुणाला तिचा पत्ता लागत नाही. आईबापांना ती दुधाचीच वाटते. किडली तरी म्हणतात, पडेल अन् दुसरी येईल. ही दाढ नवी असताना तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा, फक्त केसाएवढ्या बारीक. ब्रशचा केस त्यात शिरत नाही. अन्न मात्र शिरतं, आणि कीड तिथूनच लागते. या खाचा आधीच बुजवून टाकता येतात. पातळ लेप असतो, त्याला आम्ही सीलंट म्हणतो. भूल लागत नाही, कोरावं लागत नाही, दुखत नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "इतकं सोपं आहे तर तू हे नांदेडला कुणाला करतेस?"

मी म्हणाले, करते की. विष्णुपुरीला राहणारे एक प्राध्यापक आहेत, त्यांच्या मुलाला गेल्याच महिन्यात केलं. माझ्या स्वतःच्या मुलीला केलं.

"मग माझ्या शाळेत ये," ताई म्हणाली आणि वाढून घ्यायला उठली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी गेले तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता. पहिलीच्या वर्गात दोन बाकं जोडून वर सतरंजी टाकली, उशीला पोत्याची घडी केली. माझ्या कपाळाला बॅटरी होती आणि ताईच्या हातात दुसरी. वाळवायला रबरी फुगा होता, तो दाबला की हवा यायची. खाली थुंकायला प्लास्टिकची बादली.

मी बरोबर नेला होता तो रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट होणारा लेप. क्लिनिकमध्ये तोच वापरत होते, त्यावर माझा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तोच चांगला असं शिकले होते. त्याची रीत ठरलेली आहे. आधी दाढेवर एक आंबट जेल लावायचं, मग धुवायचं, मग वाळवायचं. दाढ चुन्यासारखी पांढरी दिसली की समजायचं, आता लेप धरेल. मग लेपाचा थेंब खाचेत सोडायचा आणि निळ्या दिव्यानं वीस सेकंद पक्का करायचा. अट एकच. वाळवल्यापासून दिवा लावेपर्यंत थुंकीचा थेंबही लागता कामा नये. लागला तर पुन्हा जेलपासून सुरुवात.

क्लिनिकमध्ये थुंकी ओढून घेणारी नळी असते. इथं जेल धुतलं की पोर उठून बादलीत थुंकायचं, पुन्हा आडवं व्हायचं, तोवर दाढ ओली. मी कापूस भरायचे, फुगा दाबायचे. पहिल्या काही मुलांना मी नियमानं दोनदा, तीनदा केलं. मग बाहेरची रांग दिसायला लागली. ओसरीवर खिचडी तयार होत होती आणि स्वयंपाक करणारी बाई दोनदा दारात येऊन ताईला विचारून गेली, "बाई, वाढू का?"

तिचीच मुलगी त्या वेळी बाकावर होती. दुसरीतली, सात वर्षांची. तिची जीभ क्षणभर जागेवर राहत नव्हती, आणि तोंड उघडं असतानाही तिला बोलायचं असायचं. तिची उजवी खालची दाढ मी वाळवली, पांढरी झालेली पाहिली आणि तेवढ्यात जिभेचं टोक तिला लागून गेलं. मला ते दिसलं. मी फुगा दाबून दाढ पुन्हा वाळवली आणि लेप लावला. जेल पुन्हा लावलं नाही. त्या दिवशी असं मी एकाच दाढेला केलं असंही नाही.

दारात मुलीची आई होती. म्हणाली, "दुधाच्या दाढंला एवढं कशाला, डाक्टरबाई? पडणारच हाय की ती."

ताईच म्हणाली, "ही दुधाची नाही. ही म्हातारपणापर्यंतची आहे."

"व्हय का?" बाई म्हणाली आणि पदरानं हात पुसत खिचडीकडं गेली.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. सीलंटचं हेच असतं, लावून मोकळं होता येत नाही, बघावं लागतं. बाकं जोडली, सतरंजी टाकली, पहिलं पोर झोपलं. दाढेवर लेप नव्हता. दुसऱ्याच्या एका दाढेवर होता, तीनवर नव्हता. तिसऱ्याच्या लेपाचा एक कोपरा तेवढा उरला होता. दुपारपर्यंत मी बघत राहिले आणि ताई वहीत खुणा करत राहिली. बऱ्याच ठिकाणी फुल्या होत्या. त्याच आठवड्यात मी प्राध्यापकांच्या मुलाला तपासलं होतं. त्याच्या चारही दाढांवर लेप आरशासारखा चकचकत होता.

जेवायला आम्ही शाळेच्याच ओसरीवर बसलो. मी म्हणाले, "इथली पोरं ज्वारीची कडक भाकरी खातात, चिंचोके फोडतात. त्यानं निघत असेल."

"भाकरी तर तूही खाऊनच मोठी झालीस," ताई म्हणाली.

मी भाकरी मोडली. ती पुढं म्हणाली, "शेवटी शेवटी तू घाई केलीस. बॅटरी माझ्याच हातात होती."

मी भाकरी संपवली. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही.

परतताना मी लातूरला थांबले. कॉलेजातली एक मैत्रीण तिथं लहान मुलांचे दात बघते. तिला सगळं सांगितलं, घाईचं सोडून. ती म्हणाली, "शाळेत ग्लास आयोनोमर का नाही लावत?"

हा दुसऱ्या जातीचा लेप. पूड आणि द्रव कालवून करतात. खाचेवर ठेवून व्हॅसलीन लावलेल्या बोटानं दाबून धरायचा, थोड्या वेळात घट्ट होतो. यातून दाताला फ्लोराइड मिळत राहतं. थोडी ओल याला चालते.

"तो टिकत कुठं?" मी म्हणाले. "वर्षभरात झिजून जातो."

"वरचा जातो. खाचेच्या तळाशी थोडा राहतो. निदान मला तरी तसं वाटतं. तुझा चकचकीत लेप नीट बसला तर त्याच्यासारखा कुणी नाही. पण अर्धवट बसला तर?"

मी नांदेडला येईपर्यंत त्यावर विचार करत होते. अर्धवट बसलेल्या लेपाखाली अन्न अडकतं आणि आतल्या आत कीड वाढते, हे मलाही माहीत होतं. फक्त शाळेतली ती पोरं आणि हे माहीत असणं या दोन गोष्टी मी अजून शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

महिन्याभरात दोन्ही लेप घेऊन मी शाळेत गेले. ठरवलं असं, की प्रत्येक मुलाच्या तोंडात उजवीकडं रेझिन आणि डावीकडं आयोनोमर. खाणं तेच, घासणं तेच, पाणी तेच. कुठला इथं कामाचा, ते त्याच तोंडात दिसेल. या वेळी दोन दिवस राहायचं, दिवसाला मोजकीच मुलं घ्यायची, ओलं झालं की पुन्हा पहिल्यापासून. ताईनं वहीत उजवा-डावा असे रकाने आखले.

पोरांनी पहिल्याच तासात दोघांना नावं ठेवली. चकचकणारा तो काचंचा, आणि पांढरा, चवीला आंबट तो खडूचा. माझी त्यात अडचण झाली, कारण ज्याच्या नावात ग्लास आहे तोच खडूचा ठरला होता. पण मग मीही तसंच म्हणायला लागले, आणि वहीतही ताईनं तेच लिहिलं.

खिचडी करणाऱ्या बाईच्या मुलीची पाळी आली. डावीकडचा जुना लेप निघून गेला होता, तिथं मी खडूचा लावायला घेतला. उजवीकडचा पहिल्या खेपेचा काचेचा लेप शाबूत दिसत होता. मी दात तपासायच्या टोकदार हुकानं त्याच्या कडा चाचपल्या, हलला नाही. म्हणून तो तसाच राहू दिला.

मुलीची आई आज थेट आत येऊन उभी राहिली. "एका तोंडात दोन दोन परकार कशाला?"

मी म्हणाले, "कुठला टिकतो ते बघायचं आहे."

"म्हंजे प्रयोग करायलात का आमच्या लेकरांवर?"

पालकांच्या सह्या आम्ही घेतल्या होत्या. छापील कागद होता, त्यावर बाईचा अंगठा नव्हता, चांगली सही होती. पण तो कागद तिला कुणी वाचून समजावला नव्हता. मी तरी नाही.

"तुमच्या पोरीला काय लावलंय?" तिनं विचारलं.

"काचेचा. दोन्हीकडं."

"मग माझ्या पोरीला दोन्हीकडं तोच का न्हाई?"

मी हातमोजे काढले. तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. माझ्या दवाखान्यात मशीन आहे, दाढ कोरडी ठेवता येते, तिथं काचेचा टिकतो. इथं तो पुष्कळ पोरांचा निघून गेला. खडूचा कोरडेपणाची एवढी मागणी करत नाही, पण तो लवकर झिजतो. दोन्हीनं अपाय नाही. पण इथं, या बाकावर, दोघांतला कुठला बरा ते मला माहीत नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "मग तसं सांगा की सरळ. माहीत न्हाई म्हणायला काय लाज हाय?" आणि मुलीला म्हणाली, "आ कर गं. जीभ हालवू नको."

मी लेप लावला. मुलीनं खरोखरच जीभ हलवली नाही.

त्या दिवशी दुपारनंतर आलेल्या प्रत्येक आईला, बापाला, आजोबाला मी तेच सांगितलं. वेळ लागला. दोघांनी ऐकून घेऊन मुलं परत नेली. त्यातला एक आजोबा दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन परत आला आणि म्हणाला, दोन्हीकडं खडूचाच लावा, काच म्हटलं की फुटतीच. तसं लावलं.

त्यानंतर वर्षभराची तपासणी. एव्हाना ती मुलगी तिसरीत गेली होती. समोरचे दोन मोठे दात आले होते आणि त्यामुळे चेहरा बदलला होता. ती आपली आपण बाकावर चढली, तोंड उघडलं. डावीकडचा खडूचा लेप गेलेला दिसत होता. मी वाळवून, भिंग लावून पाहिलं तर खाचेच्या तळाशी पांढरी रेघ होती. मैत्रीण म्हणाली होती तशीच. दाढ निरोगी होती.

उजवीकडचा काचेचा लेप लांबून जागेवर दिसत होता. जवळून पाहिलं तर मागची कड किंचित उचललेली होती आणि लेपाखालून तपकिरी सावली दिसत होती. मी हुक लावला. कड उचलली गेली, आत मऊ लागलं. कीड.

लेप नसता तर त्या दाढेचं काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. कदाचित किडलीच असती. पण लेप आहे म्हणून मी निश्चिंत होते, तिची आई निश्चिंत होती, आणि खाली जिथं जीभ लागली होती तिथं तो कधी चिकटलाच नव्हता. एवढं मात्र सांगता येतं. ताईनं बॅटरी धरली होती, तिला माझ्या हाताच्या थांबण्यावरूनच कळलं. तिनं वहीत काही लिहिलं नाही. मी म्हणाले, "लिही. उजवी, काचेचा, खाली कीड."

बाकीच्यांचं थोडक्यात सांगायचं तर, दुसऱ्या खेपेला नीट बसवलेले काचेचे लेप पुष्कळ ठिकाणी उत्तम होते. खडूचे बहुतेक झिजले होते, पण त्यांच्या खालच्या दाढांत कीड मला फारशी सापडली नाही. कुठला जिंकला असं विचारलं तर वहीवरून कुणाला उत्तर काढता आलं नसतं. ताईनं दोनदा बेरीज करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "सगळ्यांचं सारखं नाही गं," ती म्हणाली, "कुणी घासतं, कुणी घासत नाही, कुणी ऊसतोडीला कारखान्यावर गेलं ते आलंच नाही."

त्या मुलीची दाढ शाळेत भरणं मला नको होतं. पुढच्या रविवारी लातूरला मैत्रिणीच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. मी नांदेडहून गेले, ताई मुलीला आणि तिच्या आईला घेऊन एसटीनं आली. आईनं चांगली हिरवी साडी नेसली होती. मुलगी खुर्ची वरखाली होते हे कळल्यावर दोनदा उगाच वरखाली करून घेऊन मगच स्थिर झाली.

भूल दिली, जुना लेप काढला, कीड कोरली. फार खोल गेली नव्हती, नसेपर्यंत पोचली नव्हती. भरणं पाऊण तासात झालं. आई पूर्ण वेळ माझ्या खांद्याजवळ उभी राहून बघत होती. गालाच्या आत ठेवलेल्या नळीकडं बोट करून तिनं विचारलं, "ही थुंकी वढून घेती व्हय?"

"हो."

"अन् शाळंत ही नव्हती. म्हणून झालं हे."

ते मला सोपं होतं. मान डोलावली असती तरी चाललं असतं, खोटंही ठरलं नसतं. मैत्रीण शेजारी दात भरायचं सिमेंट कालवत होती, ताई दाराशी बाकावर होती.

"ती नव्हती हे खरं आहे," मी म्हणाले. "पण मी घाईही केली. लेप लावायच्या आधी हिची दाढ ओली झाली होती. मला दिसलं होतं. पुन्हा करायला पाहिजे होतं, मी तसंच पुढं गेले."

ती मुलीच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी खिचडीला उशीर व्हायला लागला होता. मीच दोनदा येऊन विचारलं बाईला." थोडं थांबून पुढं म्हणाली, "पर दाढ लेकराची हाय, डाक्टरबाई. खिचडी गार झाली तर चालंल."

मी "हो" म्हणाले.

दाढ भरून झाली तशी ती म्हणाली, "आता इथं मशीन हायच, तर डावीकडं काचंचा लावून टाका. नीट."

मी मैत्रिणीकडं पाहिलं, तिनं खांदे उडवले. लावला. पुन्हा जेल, पुन्हा धुणं, दाढ चुन्यासारखी पांढरी. नळी चालू होती, जीभ कुठं लागली नाही. वीस सेकंद निळा उजेड. संपल्यावर मुलगी आरशात बघून म्हणाली, "आता एकीकडं चांदी का बरं न्हाई?" तिच्या वर्गातल्या कुणाला तरी चांदी भरली होती आणि तिला तीच हवी होती. भरलेलं दाताच्याच रंगाचं आहे, कुणाला दिसणार नाही, हे काही तिला पटलं नाही. बस स्टँडवर ती नाराजच होती.

त्याच वर्षी विष्णुपुरीचे प्राध्यापक मुलाला घेऊन आले. चारही लेप जसेच्या तसे, एकाचाही टवका उडालेला नाही. पण मुलाच्या दाढेच्या बाजूला, शेजारच्या दुधाच्या दाढेला जिथं ती टेकते तिथं, कीड होती. सीलंट माथ्यावरच्या खाचा झाकतो, दोन दातांमधली फट त्याला झाकता येत नाही. मुलगा झोपताना साखर घातलेलं दूध बाटलीनं पीत असे, आणि ते मोठा होईपर्यंत चाललं होतं. आता ते बंद होतं, पण क्रीमच्या बिस्किटांचं तसं नव्हतं.

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मग हे लेप लावले कशाला?"

"वरच्या खाचांसाठी. त्या बघा, स्वच्छ आहेत."

"बाजूनं किडू शकते हे तुम्ही तेव्हा सांगितलं होतं का?"

मी आठवून पाहिलं. सांगितलं असावं. पण शाळेतल्या त्या बाईला जसं समोर बसवून सांगितलं होतं तसं नक्कीच नव्हतं. मी त्यांना तसं म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही. मुलाची दाढ मी भरली, पुढच्या तपासणीला ते दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले असं कळलं.

आता माझी रीत अशी आहे. क्लिनिकमध्ये काचेचा. शाळेत, बाकावर, खडूचा, आणि दरवर्षी पुन्हा. झिजला तर पुन्हा लावायचा. काचेचा शाळेत अगदीच लावला नाही असं नाही. एखादं शहाणं पोर असलं, दाढ पूर्ण वर आलेली असली, वेळ असला, तर लावते. पण अर्धा राहिलेला लेप दिसला की तो शाबूत आहे की नाही याचा अंदाज करत बसत नाही. काढते. दोन-तीन मुलांच्या बाबतीत लेपाखाली काहीच निघालं नाही, उगाच काढला असं झालं. ते मला चालतं.

मधल्या काळात त्या गावात लोकांना सांगायचं काम ती खिचडीवाली बाईच करायला लागली. मी गेले की ओसरीवर आयांना धरून बसलेली असायची. तिची रीत माझ्यापेक्षा बरी होती. ती स्वतःचं तोंड उघडायची, आत बोट दाखवायची आणि म्हणायची, "ही माझी गेलेली बघ. ही बी गेलेली. मलाबी वाटलं व्हतं पडंल अन् येईल." मग आयांना फारसं काही सांगावं लागत नसे. एकदा तिनं मला विचारलं, माझ्या गेलेल्या जागी काही बसवता येईल का. मी म्हणाले येईल, लातूरला या. अजून ती आलेली नाही. कामं असतात तिला.

गेल्या वर्षी ताईची बदली झाली, निलंगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना बदली नको म्हणून तिनं अर्ज केला होता, तो मान्य झाला नाही. जुन्या शाळेची वही तिनं तिथल्या नव्या शिक्षकांकडं दिली. ते तरुण आहेत, नीट ठेवतील असं वाटतं. तिथं मी वर्षातून एकदा जाते. ताईनं नवी वही केली आणि रुजू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात फोन केला. "इथं पोरं घरी कन्नड बोलतात. दात म्हटलं की माझ्याकडं बघत बसतात, हल्लू म्हटलं की तोंड उघडतात. कधी येतेस?"

मी जुलैत गेले. इमारत जरा बरी होती, वीज टिकत होती, बाकंही रुंद होती. ताईनं सगळ्या पालकांना आधीच बोलावून ठेवलं होतं. मी मराठीत सांगत होते, आणि अंगणवाडीच्या सेविका ते कन्नडमध्ये सांगत होत्या. कुठला लेप, तो का झिजतो, पुन्हा का लावायचा. त्यांच्या बोलण्यातलं 'गोत्तिल्ल' हे एकच मला कळलं. म्हणजे 'माहीत नाही'. मी जिथं जिथं माहीत नाही म्हणाले होते तिथं त्या ते म्हणत होत्या.

पहिली आली ती पहिलीतली मुलगी. वरच्या दोन दाढा अजून नव्हत्याच. खाली डावीकडं हिरडीतून दाढेचा एक कोपरा तेवढा वर आला होता. बाकीच्या दाढेवर अजून हिरडीचं पांघरूण होतं. त्यावर कुठलाच लेप बसत नाही, काचेचाही नाही आणि खडूचाही नाही.

"हिचं काय लिहू?" ताईनं विचारलं.

"दिवाळीनंतर बघायची, असं लिही."

तिनं लिहिलं. मुलगी बाकावरून उतरली आणि पुढची चढली.